घर चाकांवर, पण थांबायचे कुठे?

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या दक्षिणेला पँग्विच गावाजवळ मोठ्या रस्त्याला एक फाटा फुटतो आणि डोंगरदऱ्यांतून वळणे घेत १९८ किलोमीटरवर टॉरी नावाच्या छोट्या गावाशी संपतो. सरकारदरबारी त्याचे नाव ‘स्टेट रूट १२’ एवढेच. तो कुठल्याही दोन मोठ्या शहरांना जोडत नाही. ज्याला घाई आहे त्याच्यासाठी पश्चिमेला इंटरस्टेट १५ आणि उत्तरेला इंटरस्टेट ७० आहेतच. हा रस्ता न थांबता तीन-साडेतीन तासांत पार होतो, पण न थांबणारा माणूस मुळात इकडे येत नाही. ब्राइस कॅन्यनचे केशरी सुळके, एस्कलांटे नदीने कापलेले फिकट पिवळे खडक, साडेनऊ हजार फुटांवरचे ॲस्पेनचे रान आणि शेवटाला कॅपिटल रीफचे लाल कडे हे सगळे याच वाटेवर आहे. म्हणून २००२ मध्ये त्याला ‘ऑल-अमेरिकन रोड’ हा निसर्गरम्य मार्गांमधला सर्वोच्च राष्ट्रीय दर्जा मिळाला. अशा आडरस्त्यावर राहते घरच गाडीसारखे चालवत न्यायचे आणि रात्री तिथेच मुक्काम करायचा, ही अमेरिकेतली शंभर वर्षांची हौस आहे. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही ती आता अपरिचित नाही. लास वेगास किंवा सॉल्ट लेक सिटीहून ‘आरव्ही’ भाड्याने घ्यायची आणि आठवडाभर फिरायचे, असा बेत अनेक जण आखतात. बेत आखताना चर्चा होते ती गाडीची: किती फुटी, किती खाटा, फ्रिज केवढा, शॉवर आहे का. मला वाटते, या प्रवासात गाडी हा दुय्यम भाग आहे. फिरते घर खऱ्या अर्थाने घर होते ते थांबण्याच्या जागेमुळे. ती जागा कुणीतरी आधी राखलेली, आखलेली आणि स्वच्छ ठेवलेली असावी लागते.

हे पटायला आरव्हीच्या पोटात काय असते ते आधी पाहावे लागेल. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या या गाडीत पाण्याच्या तीन टाक्या असतात. एकीत वापरायचे स्वच्छ पाणी, दुसरीत मोरी आणि आंघोळीचे सांडपाणी, तिसरीत संडासचा मैला. मध्यम गाडीत प्रत्येक टाकीत शंभर ते दोनशे लिटर मावते. चार माणसांनी घरच्यासारखा शॉवर घेतला तर स्वच्छ पाणी दोन दिवसांत संपते आणि सांडपाण्याची टाकी तितक्याच लवकर भरते. स्वयंपाकाची शेगडी आणि हीटर प्रोपेन गॅसवर चालतात. दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा बॅटरीवर चालतात. मायक्रोवेव्ह आणि एसीला मात्र बाहेरची वीज किंवा जनरेटर लागतो. म्हणजे जाहिरातीत दिसणारे ते ‘पूर्ण स्वातंत्र्य’ फार तर तीन-चार दिवसांचे असते. त्यानंतर गाडीला पाणी भरायला नळ, वीज घ्यायला खांब आणि टाक्या रिकाम्या करायला ‘डंप स्टेशन’ गाठावेच लागते. डंप स्टेशन म्हणजे मैला गटारात किंवा बंदिस्त टाकीत सोडण्याची, हात धुण्याच्या नळासकट केलेली पक्की सोय. छायाचित्रांत ते कधीच दिसत नाही. ज्या रस्त्यावर ते नाही, त्या रस्त्यावर आरव्हीचा प्रवास तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक तर थांबतो किंवा कुणाच्या तरी ओढ्यात उतरतो.

स्टेट रूट १२ वर ही सोय आपोआप झालेली नाही, आणि तो रस्ताही एका दमात झालेला नाही. १८७९ च्या अखेरीस एस्कलांटेहून मॉर्मन पंथाची सुमारे अडीचशे माणसे ऐंशीच्या वर बैलगाड्या-घोडागाड्या घेऊन आग्नेयेकडे निघाली. सहा आठवड्यांत पोचण्याचा अंदाज होता, लागले सहा महिने. कोलोरॅडो नदीच्या कड्यातली एक फट सुरुंगाने रुंद करून त्यांनी जानेवारी १८८० मध्ये गाड्या दोरांनी खाली सोडल्या. ही माणसेही तेवढा काळ चाकांवरच्या घरात राहत होती, मात्र हौसेने नव्हे. त्याच भागातल्या बोल्डर गावाला विसाव्या शतकाचा मोठा काळ बारमाही मोटाररस्ता नव्हता. टपाल खेचरांवरून यायचे. मंदीच्या वर्षांत सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी इथे कडे फोडले, पूल बांधले. बोल्डर ते टॉरी हा डोंगरमाथ्यावरचा शेवटचा टप्पा डांबरी व्हायला १९८५ साल उजाडले. इतक्या उशिरा आणि इतक्या कष्टाने झालेला रस्ता डोंगराच्या कलाने जातो. एस्कलांटे आणि बोल्डर यांच्या मधला ‘हॉगबॅक’ हा टप्पा याचा उत्तम नमुना आहे. तिथे रस्ता एका अरुंद धारेवरून जातो, दोन्ही बाजूंना दरी आहे आणि कठडा नाही. बोल्डर डोंगरावर हवा इतकी विरळ की साध्या पेट्रोल इंजिनाची पाव ताकद तिथेच जाते. उतारावर नुसत्या ब्रेकवर विसंबले तर ब्रेक तापून निकामी होण्याची भीती असते. खालच्या गिअरमध्ये इंजिनानेच गाडी धरावी लागते. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत साधारण पावणेबारा टनांपर्यंतची मोटारहोम साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते. काल ज्याने सेडान चालवली तो आज तीस फुटी घर घेऊन या धारेवर येऊ शकतो.

म्हणून आकाराचा प्रश्न येतो. आरव्हीचे ढोबळ तीन प्रकार आहेत: बसएवढी ‘ए’, व्हॅनमध्येच बसवलेली ‘बी’ आणि चालकाच्या डोक्यावर खाट असलेली, सर्वांत जास्त भाड्याने जाणारी ‘सी’. मोठी गाडी आरशांशिवायच साडेआठ फूट रुंद असते. आडरस्त्याची एक मार्गिका अकरा-बारा फुटांची. उरलेल्या जागेत चालकाची सगळी चूक मावली पाहिजे. ब्राइस कॅन्यनमध्ये शटल बस चालू असण्याच्या काळात २३ फूट किंवा त्याहून लांब गाड्यांना मुख्य दर्शनस्थळांच्या वाहनतळांवर मज्जाव असतो. ब्राइसहून दोन तासांवरच्या झायन राष्ट्रीय उद्यानातला बोगदा तर १९३० सालचा, त्या काळच्या मोटारींच्या मापाचा. मोठी आरव्ही आली की समोरची वाहतूक रोखून तिला बोगद्याच्या मधोमध न्यावे लागे, त्यासाठी वेगळे शुल्कही होते. वर्षानुवर्षे हे चालल्यावर ठरावीक मापाहून मोठ्या गाड्यांना तो बोगदा २०२६ पासून बंदच करण्याचे उद्यान प्रशासनाने जाहीर केले. याला कुणी पर्यटकांवरचा अन्याय म्हणेल. मला तो उशिरा सुचलेला शहाणपणा वाटतो. बोगदा रुंद करून डोंगर आणखी पोखरण्यापेक्षा गाडीला माप घालणे स्वस्त आहे, आणि ज्यासाठी लोक येतात ती गोष्ट त्याने शाबूत राहते. रूट १२ वरच्या काफ क्रीकचा छोटा मुक्कामतळ हेच मुकाट्याने सांगतो. तिथे मूठभर जागा आहेत आणि वळण इतके आखूड की मोठ्या आरव्हीने आत शिरूच नये. तिथून पायी गेले की १२६ फुटांचा धबधबा लागतो. व्हॅनवाला आणि तंबूवाला तिथे राहतो, बसएवढ्या गाडीवाला पुढे जातो. बहुतेक भाडेकरारांत कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास मनाई असते, त्यामुळे आजूबाजूच्या मातीच्या वाटाही त्याला बंदच. गाडी जितकी मोठी, तितका देश लहान होत जातो. भाड्याची गाडी निवडताना हा हिशेब क्वचितच केला जातो.

आता जमिनीकडे येऊ, कारण खरी किल्ली तिथे आहे. हा रस्ता ज्या गारफील्ड काउंटीतून मुख्यतः जातो, तिथली नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन केंद्र सरकारची आहे. तीही एका खात्याची नव्हे. ब्राइस कॅन्यन राष्ट्रीय उद्यान सेवेकडे, रेड कॅन्यन आणि बोल्डर डोंगर वनसेवेकडे, मधला ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटेचा अफाट प्रदेश भूव्यवस्थापन खात्याकडे. शिवाय कोडाक्रोम बेसिनसारखी राज्याची उद्याने आणि गावागावांतले खासगी आरव्ही पार्क. प्रत्येकाची मुक्कामाची तऱ्हा वेगळी. राष्ट्रीय उद्यानातल्या तळावर पिण्याचे पाणी आहे, हंगामात डंप स्टेशन आहे, पण वीज नाही. राज्य उद्यानात काही जागांवर वीज-पाणी-सांडपाणी अशी तिन्ही जोडण्या मिळतात. खासगी पार्कमध्ये त्यांच्याखेरीज कपडे धुण्याची यंत्रे आणि वायफाय. आणि या सगळ्यांपलीकडे, वनसेवेच्या व भूव्यवस्थापन खात्याच्या बऱ्याच जमिनीवर कोणतीही सोय नसलेला, बहुधा फुकट मुक्काम. सर्वसाधारण नियम असा की २८ दिवसांच्या काळात एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त राहायचे नाही. आधी वापरलेल्या मोकळ्या जागीच गाडी लावायची, कचरा सोबत परत न्यायचा, आगबंदी असेल तेव्हा शेकोटी नाही. चार-पाच खात्यांच्या या गुंतागुंतीला लोक नावे ठेवतात. पण दोन रात्री फुकटच्या माळावर, तिसऱ्या रात्री टाक्या रिकाम्या करायला आरव्ही पार्कात, चौथ्या रात्री उद्यानात असा प्रवास जमतो तो या वेगवेगळ्या तळांमुळेच. एकाच प्रकारचा तळ असता तर तो एक तर महाग झाला असता किंवा घाण.

फुकटच्या माळावर नियम कशाला, असे वाटणे साहजिक आहे. एवढा मोठा ओसाड प्रदेश, त्यात चार गाड्यांनी काय बिघडणार? बिघडते ते पायाखाली. या वाळवंटातली माती वरून काळपट, खरखरीत पापुद्र्याची दिसते. तो पापुद्रा सजीव आहे. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल आणि शेवाळ यांनी मातीचे कण बांधून तो तयार केलेला असतो. तो वाऱ्याला माती उडवू देत नाही, पावसाचे पाणी धरतो, हवेतला नायट्रोजन मातीत आणतो. त्यावरून गाडीचे एक चाक गेले की तो सावरायला कित्येक वर्षे, काही ठिकाणी अनेक दशके लागतात. एकाने नवी चाकोरी पाडली की दुसरा तिलाच रस्ता समजतो. म्हणून ‘आधी वापरलेल्या जागीच’ हा नियम दिसतो त्यापेक्षा फार मोलाचा आहे. त्याच राज्यातल्या मोअब शहराभोवती तो पाळला गेला नाही, गर्दी वाढली, आणि मोकळा मुक्काम नेमून दिलेल्या जागांपुरता आवळावा लागला. मोकळीक टिकते ती वापरणाऱ्यांनी स्वतःला घातलेल्या मर्यादेवर. ती सुटली की खूण ठोकलेले खांब येतात. जुलै ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत तर कोरड्या ओहोळाच्या पात्रात गाडी लावणे हा मूर्खपणाच. पंचवीस-तीस किलोमीटर दूर पडलेला पाऊस इथे निरभ्र आकाशाखाली लोंढा होऊन येतो.

या प्रवासावर सर्वांत मोठा आक्षेप इंधनाचा आहे, आणि तो खरा आहे. मध्यम आरव्ही लिटरला चारएक किलोमीटर जाते. निसर्ग पाहायला निघायचे आणि वाटेत एवढे पेट्रोल जाळायचे, यात विसंगती आहेच. पण आकडे मांडले की दोष कुठे आहे ते कळते. रूट १२ चे दोनशे किलोमीटर म्हणजे पन्नास लिटर. आजूबाजूचे फाटे आणि लास वेगासहून जाणे-येणे धरून हजारएक किलोमीटर झाले तर अडीचशे लिटर, तेही सहा-सात दिवसांत. चार माणसांच्या कुटुंबाने तेवढ्याच रात्री हॉटेलात काढल्या तर तिथल्या वातानुकूलनाचा आणि रोजच्या धुतल्या जाणाऱ्या चादरींचा खर्चही मोजावा लागेल. तो मोजूनही छोटी मोटार आणि तंबू यांच्यापुढे आरव्ही हरेल, हे मान्य करू. खरी नासाडी होते ती ‘आठ दिवसांत सात उद्याने’ छापाच्या बेतात. त्यात तीनेक हजार किलोमीटर सहज होतात, म्हणजे साडेसातशे लिटर, आणि दर रात्री नव्या तळावर अंधारात पोचणे. ज्या गाडीचा सगळा फायदा थांबण्यात आहे तिला धावायला लावणे, हा दोष गाडीचा नाही. आरव्हीचे समर्थन करायचे तर ते कमी अंतर आणि जास्त मुक्काम या अटीवरच करता येते. बाकीच्यांनी साधी मोटार घ्यावी.

दुसरा आक्षेप स्थानिकांचा, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. आरव्हीवाला खाट आणतो, शेगडी आणतो, शहरातून भरलेला फ्रिज आणतो. मग सातआठशे वस्तीच्या एस्कलांटेला किंवा दोनअडीचशे वस्तीच्या बोल्डरला मिळते काय? हा प्रश्न तिथल्या जुन्या जखमेशी जोडलेला आहे. सप्टेंबर १९९६ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटेचे सुमारे सतरा लाख एकर संरक्षित घोषित केले, तेही शेजारच्या ॲरिझोनात उभे राहून. कैपारोविट्स पठारावरच्या कोळशाची आशा तिथेच संपली. २०१७ मध्ये ट्रम्प यांनी हे क्षेत्र जवळपास निम्मे केले, २०२१ मध्ये बायडन यांनी पूर्ववत केले. त्याआधी, २०१५ मध्ये गारफील्ड काउंटीने एस्कलांटेच्या शाळेतली घटती पटसंख्या पाहून चक्क आणीबाणी जाहीर केली. पर्यटनाने हॉटेले भरतात, पण हंगामी पगारावर घर चालत नाही आणि मुले शाळेत येत नाहीत, ही त्यांची तक्रार. ती खोडून काढता येत नाही. इतकेच म्हणता येते की कोळशाच्या खाणीनेही पिढ्यान्‌पिढ्यांची हमी कुठे दिलेली नाही, आणि ज्या गावात प्रवासी रात्रभर राहतो त्या गावाला, नुसता फोटो काढून जाणाऱ्यापेक्षा, तो काही देऊन जातोच. टाक्या, गॅस, पेट्रोल, भाजी, दुरुस्ती, पार्कचे भाडे, एका संध्याकाळचे जेवण हे सगळे गावात होते. त्यासाठी गावात तळ हवा. तोच गावाबाहेरच्या उद्यानात एकवटला तर गावाच्या वाट्याला धूळ येईल.

यावर एक उपाय कुणीतरी सुचवतोच: रस्ता रुंद करा, म्हणजे माणसे वाढतील आणि गावे जगतील. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत इंटरस्टेटचे जाळे विणले गेले तेव्हा जुन्या रस्त्यांवरच्या कित्येक गावांना याचे उलटे उत्तर मिळाले. वेगवान रस्ता गावाला जोडतो तसाच टाळूनही जातो. नकाशात निळ्या रेघांनी दाखवलेल्या जुन्या आडरस्त्यांवरून विल्यम लीस्ट हीट-मून एका व्हॅनमध्ये देशभर फिरला आणि १९८२ मध्ये ‘ब्लू हायवेज’ लिहून गेला, ते पुस्तक गाजले, कारण तोवर वाचकांना आपण काय गमावले ते उमगले होते. रूट १२ चारपदरी केला तर टॉरीला दीड तास आधी पोचता येईल, पण ज्यांना तिथे लवकर पोचायचे आहे अशी माणसे आहेतच किती? अपघातप्रवण वळणावर कठडा, जागोजाग मागच्यांना वाट देण्यासाठी थांबे, लांब गाड्यांसाठी आधीच सूचनाफलक एवढे जरूर हवे. त्यापलीकडची रुंदी त्या रस्त्याच्या पोटावर पाय देईल.

हे सगळे आपल्याशी जोडले जाते ते २०२१ पासून. त्या वर्षी महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. कागदावर त्यात फिरत्या गाड्या आणि त्यांच्यासाठीचे ‘कॅराव्हॅन पार्क’ दोन्ही आहेत, पण बातम्यांत आणि जाहिरातींत दिसते ती गाडीच. आपल्याकडे रूट १२ ची आठवण करून देणारा रस्ता म्हणजे रेवस ते रेड्डी हा सागरी मार्ग. गावांच्या आळींतून, माडांच्या वाड्यांना घासून जाणारा, दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेसवी किंवा दाभोळ-धोपावे इथे फेरीबोटीत चढवावा लागणारा. खाड्यांवर पूल बांधून तो सलग करण्याचे काम हाती घेतलेले आहे. पूल झाले की गाड्यांचा लोंढा वाढणार हे उघड आहे. इथे अमेरिकेसारखी मोकळी सरकारी जमीन नाही, म्हणून हे आपल्याला जमणार नाही, असा आक्षेप येतो. अर्धा खरा आहे. माळरानावर फुकट मुक्काम इथे होऊ नये, आणि किनाऱ्यावर तर मुळीच नको. वेळासच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि किनाऱ्यावर घातलेल्या गाड्या भरतीत अडकल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. पण कोकणात पर्यटन महामंडळाची निवासस्थाने आहेत, कृषी पर्यटन केंद्रे आहेत, घरगुती राहण्याजेवणाची सोय करणारी घरे आहेत. त्यांच्या आवारात चार-पाच व्हॅनना सपाट जागा, विजेचा खांब आणि नळ देणे अवघड नाही.

अवघड आहे ती तिसरी टाकी. कोकणातली बहुतेक गावे शोषखड्ड्यांवर आणि विहिरींवर चालतात, आणि खालचा जांभा दगड सच्छिद्र असतो. त्यात आरव्हीच्या संडासातला रसायनमिश्रित मैला ओतला तर पावसाळ्यात तो शेजारच्या विहिरीत उतरायला वेळ लागणार नाही. साध्या सेप्टिक टाकीत सोडला तर त्यातली रसायने मैला कुजवणारे जीवाणूच मारतात. म्हणून कोकणातल्या प्रत्येक कॅराव्हॅन तळाला बंदिस्त टाकी हवी, ती उपसणारी गाडी ठरलेल्या वारी यायला हवी, आणि तो मैला न्यायला प्रक्रिया केंद्र हवे. वाई आणि सिन्नर यांसारख्या नगरपालिकांनी मैलागाळावर प्रक्रिया करणारी केंद्रे उभारून दाखवली आहेत. किनाऱ्यावर दापोली, गुहागर, मालवण या पट्ट्यांत तशी सोय झाली तर तिचा उपयोग कॅराव्हॅनपेक्षा तिथल्या हॉटेलांना आणि घरांनाच जास्त होईल. तळाच्या परवान्याबरोबर या उपशाचा करार दाखवणे सक्तीचे करावे आणि मुक्कामामागचे शुल्क ग्रामपंचायतीकडे जावे. गाड्यांची संख्या मग किती टाक्या वेळेवर उपसल्या जातात त्यावरून ठरवता येईल.